आजारी माणसाचा पलंग

सुतारानं जाकिटाच्या खिशातून पलंग काढला आणि चिमट्याच्या तळहातावर ठेवला.

"घ्या चिमटेसाहेब. झाला एकदाचा," तो म्हणाला.

चिमटा हे त्याचं आडनाव नव्हतं. शहरातल्या संग्रहालयात जुन्या, हातभरही नसलेल्या फर्निचरचा एक विभाग होता, आणि तिथल्या बोटभर खुर्च्या, वीतभर कपाटं, मुठीत मावणारी टेबलं दुरुस्त करणं ही त्याची नोकरी होती. दिवसभर हातात चिमटा, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव चिमटा. सुतारानं पहिल्याच भेटीत ते ऐकलं, आडनाव समजून त्याला आदरानं साहेब जोडलं, आणि ते सुधारायचं राहून गेलं. मोडलेलं काहीही तो दुरुस्त केल्याशिवाय सोडायचा नाही, ही एवढी एक गोष्ट सोडून, असं तो एरवी गमतीनं सांगायचा. आत्ता गंमत सुचत नव्हती. पलंग मनगटापासून सुरू होऊन बोटांच्या टोकांच्या अलीकडेच संपला होता. चिमट्यानं सुताराच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. खाली टेम्पो उभा असेल, डोक्याकडची बाजू आधी चढवायची की पायाकडची यावर हमालांची जुंपली असेल, अशी त्याची कल्पना होती. जिना रिकामा होता. कठड्यावर कुणाचा तरी पंचा वाळत होता.

"बाकीचा?" त्यानं विचारलं.

"बाकीचा कसला?"

"पलंग."

"हा काय पलंग. आणि हा तुमचा नमुना," असं म्हणून सुतारानं दुसऱ्या खिशातून दुसरा पलंग काढून तोही त्याच्या हातावर ठेवला. मग जरा गोंधळला, दोन्ही उचलले, उलटेसुलटे करून पाहिले आणि परत ठेवले. "की तो तुमचा आणि हा माझा? बघा, माझं मलाच कळेना आता. तुम्ही म्हणाला होतात ना, अगदी असाच हवा, केसाचा फरक नको."

म्हणाला होता. अशा वेळी माणूस ओरडतो, मटकन खाली बसतो, निदान कपाळाला हात तरी लावतो. चिमट्यानं खिशातून भिंग काढलं. खिडकीपाशी जाऊन त्यानं दोन्ही पलंग उजेडात शेजारी शेजारी ठेवले आणि तपासायला घेतले. अक्रोडाच्या लाकडाची रेघ दोन्हीकडे डोक्यापासून पायाकडे वाहत होती. कोपऱ्यातले सांधे एकमेकांत असे बसले होते की पातं घालायला जागा नाही. कठडा खाली पडत होता आणि वर येऊन टिचकीसारखा आवाज करत बसत होता. डोक्याकडची बाजू वर करायची पितळी खिट्टी दातेरी पट्टीवर एकेक दात चढत होती, आणि पट्टीचे दात दोन्ही पलंगांत सारखेच, तांदळाच्या टोकाएवढे. काम अप्रतिम होतं. त्याच्या मनात खरोखर एक सुखाची लहर उठली आणि तो म्हणूनही गेला, "वा, मास्तर." शेवटच्या दातावर खिट्टी टेकली, बाजू पूर्ण वर उठली, आणि तिला टेकून कुणी बसलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. आई दुपारी येणार होती.

त्याच्या मागे खोली होती. ती त्यानं आठवड्यापूर्वीच रिकामी केली होती. जुनी खाट, कोच, बसायच्या खुर्च्या, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, कारण येणारा पलंग मोठा होता, त्याच्या चहूबाजूंनी माणसाला फिरता आलं पाहिजे असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. फरशीवर त्यानं खडूनं पलंगाची जागा आखून ठेवली होती. टेप शोधायचा कंटाळा आला म्हणून कामाची छोटी मोजपट्टीच टोकाला टोक लावत पुढे पुढे सरकवली होती. इंचाला एक फूट हे प्रमाण त्याच्या बोटांत इतकं भिनलेलं की मोजायची गरज पडत नसे. रंग नवा दिला होता. पडदा नवा लावला होता. औषधांसाठी फळी ठोकली होती. स्वतःची गादी आतल्या चिंचोळ्या खोलीत जमिनीवर टाकली होती आणि तिथे तो कामाच्या बुटक्या स्टुलाला उशाशी घेऊन झोपत होता. घर इतकं तयार होतं की फक्त पलंग नव्हता.

"लाकूड मात्र तुम्ही बरंच जास्त पाठवलंत," सुतार म्हणाला. "चांगल्या रुंद फळ्या. त्यातली एक कडा तेवढी लागली. बाकीचं परत आणून देऊ?"

"मास्तर, मला मोठा हवा होता."

"मोठा म्हणजे?"

"माणसाएवढा. माणूस झोपेल एवढा."

सुतार हसला. मग त्याचं हसू ओठांवरच राहिलं आणि डोळे गंभीर झाले, जसं भिंतीवर घड्याळ चालू राहतं आणि घरातला माणूस निघून गेलेला असतो. "असं कसं साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं तुम्ही मला वस्तू देता आणि म्हणता, मास्तर, अगदी अशीच. मी अगदी तशीच करतो. कधी मोठी केलीय का मी?"

कधीच नाही. संग्रहालयातली एखादी मूळ वस्तू प्रदर्शनाला बाहेरगावी गेली की काचेआड तिची नक्कल ठेवावी लागे, आणि ती नक्कल हा सुतार करायचा. नमुना द्यायचा, तेवढाच परत यायचा. सुताराचं काही चुकलं नव्हतं. आणि गंमत अशी, म्हणजे जिला दुसरा एखादा माणूस गंमत म्हणाला असता अशी गोष्ट अशी, की चिमट्याचंही काही चुकलं नव्हतं. ते छोटं फर्निचर मुळात खेळण्यासाठी केलेलंच नव्हतं. ते नमुने होते. जुन्या काळी फर्निचरवाले पेटीत असले नमुने घेऊन दारोदार जायचे, गिऱ्हाइकाच्या टेबलावर मांडायचे, छोटे खण उघडून दाखवायचे, आणि घरातली बाई बोट ठेवून म्हणायची, असं. मग मोठं बनायचं. ती मोठी कपाटं आणि मोठे पलंग वाळवीनं, मुलांनी, भाऊबंदकीनं, युद्धांनी केव्हाच संपवले होते. उरले ते नमुने. रोज त्यांच्यात बसून चिमटा मनानं त्या जुन्या काळात राहायला गेला होता, जिथे माणूस नमुना देतो आणि पलंग येतो. सुतार मात्र आजच्या काळात राहत होता, जिथे नमुन्यापासून नमुनाच होतो.

त्या विभागात त्याची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे हा पलंग. आजारी माणसाचा पलंग, अशी काचेआडची पाटी. करणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पहिल्यांदा हाती आला तेव्हा त्याची खिट्टी गंजून बसली होती, आणि ती सोडवायला चिमट्याला अख्खा उन्हाळा लागला. तेलाचा थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा, सोडायचा, वाट पाहायची. ती पहिल्यांदा हलली तेव्हा त्याला वाटलं कुणीतरी आत कूस बदलली. एकदा आई संग्रहालय बघायला आली होती, चांगली हिंडतीफिरती होती तेव्हा. पर्स पोटाशी धरून काचेला नाक लावून तिनं सगळी दालनं पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "सुंदर आहे रे. पण माणसं कुठे गेली?" तो म्हणाला, "माणसं नसतातच यात, आई. नुसतं फर्निचर." "मग एवढं मांडून ठेवलंय कुणासाठी?" पहारेकरी हसला होता. चिमट्यानं तिला प्रमाण समजावलं होतं, लाकडं समजावली होती, आणि ती सगळं ऐकून घेत होती, जशी लहानपणी त्याची तापातली बडबड ऐकून घ्यायची. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. ताईच्या घरी तिचे सासूसासरे, दोन पोरं, आणि स्वयंपाकघरात झोपणारा दीर. तिनं गावाबाहेरचं एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं. स्वच्छ आहे, शांत आहे, खिडकीतून झाड दिसतं, असं तिनं सांगितलं, आणि झाडाबद्दल बोलताना तिचा आवाज जरा जास्तच उत्साही झाला. तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात, फिनेलच्या वासात, चिमटा म्हणाला होता, "मी नेतो आईला घरी."

"तू?" ताई म्हणाली. "तुला एक कुंडी जगवता आली नाही."

"कुंडी वेगळी."

"कुंडीला नुसतं पाणी लागतं रे. आईला कुशीवर वळवावं लागतं. तुझे हात बघ. फुलपाखरू धरल्यासारखा तू भाकरीचा तुकडा धरतोस." मग तिच्या आवाजातली चेष्टा गेली. "हे बघ. मलाही तिला तिथे नाही टाकायचं. पण आणायचं आणि आठ दिवसांनी हात वर करायचे, असं मला चालणार नाही. डॉक्टरांनी सांगितलाय तसा पलंग, उंच, कठड्याचा, डोकं वर होणारा. जमिनीवर नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळेल त्या दिवशी खोली तयार दिसली तर आई तुझ्याकडे. नाही दिसली तर गाडी तशीच तिकडे वळवायची, आणि मग तो विषय संपला. तिथली जागा ते त्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवणार आहेत."

लोखंडी पलंग बाजारात मिळतात, भाड्यानंही मिळतात, असं तीच म्हणाली होती. पण लोखंडी पलंग कुरकुरतो. त्याला पिवळट पांढरा रंग असतो आणि त्याच्यावर झोपलेलं माणूस परत जाणार असल्यासारखं दिसतं. त्याला आईसाठी तो पलंग हवा होता, तोच, मोठा. मूळ वस्तू संग्रहालयाबाहेर नेता येत नाही म्हणून त्यानं घरी बसून तिची नक्कल केली. कठडा मूळ पलंगाला नव्हता, तो स्वतः आखून बसवला. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर दिव्याखाली बसायचा आणि त्या दिवसांत तो किती सुखात होता हे त्याला आत्ता, रिकाम्या खोलीत, आठवलं. आई दवाखान्यात डाव्या हातानं चादर चुरगळत पडलेली, आणि तो इथे तिच्यासाठी, तिच्याचसाठी, बोटभर लांबीच्या पट्टीला दाते पाडत शीळ घालत होता. ताई फोन करायची.

"पलंगाचं कुठवर आलं?"

"आज कठडा बसवला."

"अगंबाई, खरंच? आणि डोक्याकडची बाजू? तू दिवसा ठेवणार आहेस त्या कामवालीला वर करायला जड नाही ना जाणार?"

"एका बोटानं होते."

"एका बोटानं?" ताईला भरून आलं होतं. "मी उगाच तुला बोलत होते रे."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि नंतर त्यानं ती नक्कल आणि रुंद फळ्या सुताराकडे पोचत्या केल्या, दोन शब्द सांगितले, आणि निश्चिंत झाला. मधे एकदाही जाऊन पाहिलं नाही. कारण नमुना चांगला असला की पुढचं आपोआप होतं, असा त्याचा त्या लाकडांवर विश्वास होता.

"मास्तर, आता करता येईल? आई दुपारी येतेय, तिच्यासाठी. त्याच फळ्यांतून. कसाही. नुसता चौकटा, चार पाय."

सुतारानं खांदा चोळला. "मोठं काम सोडलं त्याला जमाना झाला साहेब. हा खांदा वर होत नाही. म्हणून तर तुमचं काम धरलं." मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, जाताना दारातून मागे वळून तो म्हणाला, "आईंना मी बघून घेतलं असतं तर बरं झालं असतं. मापाचा अंदाज आला असता." आणि आपण काय बोललो हे कळून तो घाईघाईनं जिना उतरला.

भाड्यानं पलंग देणाऱ्याला फोन केला. तो गोड बोलणारा माणूस होता. उद्या सकाळी, अगदी पहिली फेरी तुमची, शब्द देतो, असं म्हणाला. आज? आज गाडी गेली. दुसरा म्हणाला उद्या. तिसऱ्यानं उद्या म्हणून वर सहानुभूतीही दाखवली. सगळ्या शहरात उद्या पलंग मिळत होते. आजचा दिवस तेवढा पलंगावाचून होता. चिमटा चपला घालून बाहेर पडला आणि कोपऱ्यापलीकडच्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात शिरला, जिथे तो कधी गेला नव्हता, कारण त्या काचांमागचं सगळं त्याला सुजल्यासारखं दिसायचं. आतही तेच वाटलं. खुर्च्या सुजल्या होत्या. कपाटांच्या दारांना पंजाएवढ्या मुठी होत्या. विक्रेता टाय लावलेला होता, आणि चिमट्याच्या तोंडून "पलंग" एवढा शब्द निघताच तो त्याला हाताला धरून एका उंच, रुंद, डोकं वर होणाऱ्या पलंगापाशी घेऊन गेला.

"झोपून बघा ना सर."

"झोपायचं नाही. न्यायचा आहे. आत्ता."

"हा नमुना आहे सर. हा दाखवायचा. तुम्ही पसंत करा, कारखान्यातून नवा येईल."

"नमुनाच द्या," चिमटा म्हणाला. आपला आवाज चिरकलाय हे त्याला ऐकू आलं. "माझी आई गाडीत बसली असेल आत्ता. तिला ठेवायला घरात जागा नाही. म्हणजे जागा आहे. जागाच आहे नुसती." त्यानं विक्रेत्याचा हात धरला. विक्रेत्याचा हात गरम होता आणि चांगला भरीव होता, आणि तो अंगठा, तो कोपर, हे सगळं एवढं मोठं असतं याचा चिमट्याला विलक्षण धसका बसला. आपण इतकी वर्षं माणसांना नीट हात लावलेला नाही असं त्याला वाटलं. हस्तांदोलन करताना तो बोटांची टोकं द्यायचा. आईला दवाखान्यात भेटायचा तेव्हा तिच्या कपाळावरचा एकच केस उचलून मागे सारायचा, आणि नर्स म्हणायची, किती हळुवार आहात हो तुम्ही. हळुवार नव्हता तो. त्याला दुसरं येत नव्हतं.

विक्रेता वाईट माणूस नव्हता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मालक दिसत नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "बरं. आमची पोरं आणून देतील मागच्या दारानं. पण हा सुटा होत नाही हं, अख्खा न्यावा लागेल. तुमच्या दाराची रुंदी किती?"

"अडीच इंच," चिमटा म्हणाला.

हे उत्तर त्याच्या डोक्यातून आलंच नाही; ते सरळ बोटांतून आलं. शिडी चढताना पायरी चुकावी तसं ते कानावर पडलं आणि तो ते परत घेण्यासाठी तोंड उघडून उभा राहिला, पण खरा आकडा काही केल्या येईना. अडीच इंच. सगळ्या चांगल्या दारांची रुंदी अडीच इंच असते. विक्रेत्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्याच्यावर लाली चढली. "सकाळपासून उभा आहे मी इथे," तो म्हणाला. "तुमच्यासारख्यांना मीच सापडतो का चेष्टेला?" चिमटा म्हणाला, चेष्टा नाही हो, थांबा, बारानं गुणायचं, गुणा तुम्ही. पण विक्रेता टाय सारखा करत एका नवपरिणीत जोडप्याकडे निघून गेला होता, आणि ते जोडपं एकमेकांना कोपरानं ढोसत चिमट्याकडे बघत होतं. त्यानं हातांनी दार दाखवलं, एवढं, एवढं असतं, असं हवेत पंजे लांब करून तो एकटाच दाखवत राहिला. मग निघाला. रस्त्यावर सगळी दारं उघडी होती, दुकानांची, घरांची, आणि त्यांतून माणसं सहज आतबाहेर करत होती.

इमारतीच्या जिन्यावर त्यानं त्यांना गाठलं. दवाखान्याची दोन माणसं आईला चाकाच्या खुर्चीसकट उचलून चढवत होती, पुढे पिशवी घेऊन ताई. आईचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि पायरीगणिक डुलत होतं. तिला मागून येणारा तो दिसला, तेव्हा तोंडाची डावी बाजू हसली. ताईही दमून हसली. "कुठे गेला होतास? मला वाटलं दारात ओवाळायलाच उभा राहशील." त्यांना ओलांडून वर जाण्याएवढी जागा नव्हती, म्हणून तो मागूनच चढला, आणि प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं की जिना अजून बराच आहे, काहीतरी सुचेल. दार त्यानंच उघडलं.

"कुठे ठेवायचं?" पुढच्या माणसानं विचारलं.

ताई खोलीत गेली. नवा रंग, नवा पडदा, औषधांची फळी, फरशीवर खडूचा आयत. ती त्या आयताच्या आत जाऊन उभी राहिली आणि चहूकडे वळून पाहू लागली. "पलंग कुठाय?" चिमट्याची नजर खिडकीकडे गेली एवढंच. ताई खिडकीपाशी गेली. तिनं एक पलंग उचलला. बराच वेळ तो हातात धरून मग तिनं डोक्याकडची बाजू बोटानं ढकलली, आणि ती वर उठली.

"एका बोटानं," ताई म्हणाली.

तिनं टोमणा मारला असता तर तो जगला असता. टोमण्यांना उत्तर द्यायची त्याला लहानपणापासून सवय होती. पण ताईनं तो पलंग अगदी जपून, त्याच्याइतकाच जपून, होता तिथे ठेवला आणि पदरानं नाक पुसलं. "मी शुश्रूषागृहात कळवते, आम्ही निघालो म्हणून," ती म्हणाली. "अहो दादा, हिला परत खाली घ्यायचंय."

"परत? आमची खेप इथपर्यंत होती बाई. आणि खुर्ची सोडा, खाली दुसरा पेशंट ताटकळलाय."

"अहो पण हिला ठेवू कुठे मी?"

"ते तुम्ही बघा. घर तुमचं."

यानंतर काय झालं ते कुणी ठरवून केलं नाही. चिमटा खाली वाकला, एक हात आईच्या पाठीमागून आणि एक गुडघ्यांखालून घातला, आणि उभा राहिला. "न्या खुर्ची," तो म्हणाला. ती माणसं सुटल्यासारखी खुर्ची घेऊन जिना उतरूनसुद्धा गेली. ताई बघतच राहिली.

"वेडा झालास का? पाडशील तिला. खाली ठेव."

"कुठे?"

"आत तुझी गादी असेल ना."

"जमिनीवर नाही ठेवायचं म्हणालेत."

"अरे घटकाभर. मी गाडी वळवून आणेपर्यंत."

"नाही," चिमटा म्हणाला. कारण आई एकदा जमिनीवर टेकली की झालं. मग ती जमिनीवर ठेवलेली बाई, आणि तो जमिनीवर ठेवणारा मुलगा, आणि तो विषय संपला. ताईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग "अहो दादा, थांबा" अशी हाक मारत ती जिन्यावरून धावत गेली. तिच्यामागे वाऱ्यानं दार लागलं. त्याचं कुलूप आपोआप बसणारं होतं, ते बसलं.

आई जड होती. त्याला हे माहीतच नव्हतं. दवाखान्यात ती पार सुकली, काडी झाली असं सगळे म्हणत होते, आणि त्यानं ते खरं मानलं होतं. पण काडीचं वजन त्याला चांगलं ठाऊक होतं, ते हे नव्हतं. तिची उजवी बाजू ओल्या वाळूच्या पोत्यासारखी खाली ओढत होती आणि डावी बाजू त्याच्या सदऱ्याला घट्ट धरून होती. तिच्या केसांना दवाखान्याच्या साबणाचा आणि त्याखाली तिचा स्वतःचा वास येत होता. तिचा कान त्याच्या हनुवटीशी आला होता, मोठा, मऊ, भोक ओघळलेला, आणि तो पाहायला भिंग काढावं तर त्याचे हात मोकळे नव्हते. आयुष्यात प्रथमच त्यानं काहीतरी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"कुठं आलो?" आईनं विचारलं. शब्द तिच्या तोंडातून एका बाजूनं यायचे.

"घरी."

तिनं डोळे फिरवून खोली पाहिली. "ऐसपैस आहे."

"हो."

"दमलास की सांग."

"नाही दमलो."

"बरं," आई म्हणाली. तिनं डोकं त्याच्या खांद्याच्या खळगीत सारलं, दोनदा हलवून बसतं केलं, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास लांब झाला. ती झोपली. सदऱ्यावरची तिची मूठ मात्र सुटली नाही. चिमट्याच्या दंडात कळा सुरू झाल्या होत्या. आधी त्या एका जागी होत्या, मग त्या खांद्यात गेल्या आणि कमरेत उतरल्या. भिंतीला टेकावं तर रंग ओला नव्हता, टेकता आलं असतं. पण तिथपर्यंत चालताना ती जागी झाली असती. त्यानं मनाशी हिशेब मांडला. उद्या सकाळी भाड्याचा पलंग येणार होता. पहिलीच फेरी त्याची होती, त्या माणसानं शब्द दिला होता. तेव्हा तसं पाहिलं तर प्रश्न सुटल्यातच जमा होता. फक्त उद्या सकाळपर्यंत तिला धरून ठेवायचं होतं. माणसं याहून अवघड गोष्टी करतात. त्यानं पाय थोडे फाकवले, दात आवळले आणि बाहेरच्या उजेडाकडे पाहिलं. अजून दुपारच होती.

जिन्यावर पावलं वाजली, ताईची आणि तिच्यामागून आणखी कुणाची तरी. घंटा वाजली. मग दारावर थाप. "उघड रे," ताई म्हणाली. "उघड, खुर्ची घेऊन परत आलेत ते." तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि म्हणून तो ऐकवेना. घंटा पुन्हा वाजली, या वेळी बराच वेळ. आईच्या पापण्या हलल्या.

"कोण आहे?" तिनं झोपेतच विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "झोप तू."